पेन्शनीत आलेला माणूस

आमच्याकडं फौजेतून कायमचा परत आलेल्या माणसाला 'पेन्शनीत आला' असं म्हणतात. शहरात पेन्शन म्हटलं की पांढरे केस, काठी, बागेतला बाक असं काही डोळ्यांपुढं येत असेल. कडेगावच्या बाजूला आमच्या गावात पेन्शनीत आलेला माणूस चाळिशीचा असतो. पहाटे उठून पळायला जातो, जेवायला बसला की चार भाकरी खातो, आणि पुढच्या आयुष्याचं काय करायचं हे त्याला माहीत नसतं.

माझे पती एकेचाळिसाव्या वर्षी हवालदार म्हणून पेन्शनीत आले. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. ते जाऊन आता दोन वर्षं होत आली. त्यांच्याविषयी लिहावं असं मनात येतं आणि मी वही मिटून ठेवते. पण एक गोष्ट लिहून ठेवायची आहे. पेन्शनीत आल्यावर वर्षाच्या आतच ते पुन्हा घर सोडून निघाले होते. ते का निघाले होते आणि कसे थांबले, एवढीच ती गोष्ट.

ते आले त्या दिवशी मिरवणूक निघाली. हल्ली ही पद्धतच पडली आहे. उघडी जीप, तिच्यावर झेंडूच्या माळा, पुढं हलगी, मागं भरतीची तयारी करणारी पोरं आणि वेशीपासून दारोदारी ओवाळायला उभ्या बायका. मी तालुक्याच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. त्या दिवशी अर्धी रजा टाकून आले होते. जीप दारात थांबली. फेटा बांधलेल्या त्या माणसाकडं बघताना मला नव्या नवरीसारखं अवघडायला झालं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मुलगी नववीत होती. पण एका छपराखाली आम्ही सलग कधी दोन-तीन महिन्यांच्या वर राहिलो नव्हतो. माझी नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, यांत त्यांच्यासोबत क्वार्टरवर जाणं राहूनच गेलं.

चौकात त्यांचा फ्लेक्स लागला होता. गणवेशातला फोटो, मागं तिरंगा, बर्फाचे डोंगर आणि का कोण जाणे, एक वाघ. आठवड्यानं तो उतरवला आणि आत्यांनी त्यानं परसातली कडब्याची गंजी झाकली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. हे परसात गेले, कडब्यावर पसरलेलं स्वतःचं तोंड त्यांनी कंबरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, "आये, ह्या वाघाच्या भ्यानं म्हस वैरण खायाची न्हाई."

"खाती," आत्या म्हणाल्या. "वाघ वर केलाय. तुलाच खालच्या अंगाला केलाय."

घरात असं हसणं-बोलणं पुष्कळ होतं. तक्रार कसलीच नव्हती. घोटाळा तिथंच होता, पण तो कळायला मला वर्ष लागलं.

फौजीच्या घरात एक रीत असते. ती कुणी शिकवत नाही, सून घरात आली की आपोआप अंगवळणी पडते. माणूस तिकडं असताना त्याला वाईट काही कळवायचं नाही. मामा म्हणायचे, "त्यो तितं बंदूक घिऊन हुबा हाय. त्येच्या डोक्यात हितला घोर घालू नगा." आमच्या वेळी रविवारी फोन यायचा. ते विचारायचे, "सगळं बरं?" मी म्हणायचे, "सगळं बरं." मग आत्या फोन घ्यायच्या आणि ओरडून सांगायच्या, "सगळं ब्येस हाय, तू खात जा." विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा सगळं बरं होतं. आत्यांचा हात मोडला तेव्हा त्यांनी प्लास्टर घातलेल्याच हातानं फोन धरून सगळं ब्येस असल्याचं सांगितलं. मला टायफॉइड झाला त्या रविवारी मी म्हैसवाड्याच्या माझ्या माहेरची एक विनोदी गोष्ट त्यांना सांगितली होती, हे मला पक्कं आठवतं. कारण सांगताना घसा इतका कोरडा पडला होता की शेवट आत्यांनी पुरा केला.

आणि ते सुट्टीवर आले की घरात सण. मटण, पुरणपोळी, गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात. भांडण असेल तर ते त्यांच्या येण्याआधी मिटवायचं, नाही मिटलं तर ते गेल्यावर पुन्हा काढायचं. थकलेल्या पाणीपट्टीची नोटीस, आजाऱ्याचं अंथरूण, सगळं नजरेआड. गावातला माणूसही बांधावर भेटला की दोनच गोष्टी विचारी, "कवा आलास? कवा जाणार?" दीड-दोन महिन्यांत ट्रंक भरायची, लाडू बांधायचे, आणि कराडच्या स्टेशनावर सोडून यायचं. परत येताना एसटीत मी पुस्तक उघडायची आणि एकच पान कडेगावपर्यंत वाचत राहायची.

ते पेन्शनीत आले, पण आमच्या घरातली सुट्टी संपेचना. ही चूक आम्ही जाणूनबुजून केली नाही. आम्हाला दुसरं काही येतच नव्हतं.

ते पहाटे चार-साडेचारला उठत. अंथरुणाची घडी अशी घालत की तिच्या कडांना हात लावायला भीती वाटावी. पळून येत, दाढी करत, बूट पुसत आणि सातला तयार होऊन अंगणात बसत. मग त्यांना कुणी काही सांगत नसे. शेत चुलतदीर वाट्यानं बघत होते. हे फावडं घेऊन निघाले की आत्या दारात आडव्या, "बस रं लेका. लय केलंस तितं. आता दोन घास सुखानं खा." मुलगी त्यांच्यापुढं पाहुण्यांपुढं बसावी तशी ओढणी सारखी करून बसे. परीक्षेत कमी गुण पडले की पेपर मला दाखवी, त्यांना नाही. मी शाळेत जाताना विचारायची, "संध्याकाळी काय करू जेवायला?" आणि आल्यावर ते विचारत, "सगळं बरं?" मी म्हणायची, "सगळं बरं." आता मध्ये फोन नव्हता, एवढाच फरक.

एकदा मी शाळेतून आले तर माझ्या पुस्तकांचं कपाट आवरलेलं. मी पुस्तकं लावते ती मला वाटेल तशी. एकमेकांशेजारी बसावीत अशी वाटणारी माणसं जवळ बसवावीत तशी. यांनी ती सगळी उंचीप्रमाणे उभी केली होती. डावीकडं कोश, उजवीकडं पातळ कवितासंग्रह, मध्ये शिडीसारखा उतार.

"सगळ्यांना फॉलिन केलंय," ते म्हणाले. चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू.

मला रडू येईल इतका राग आला होता. मी म्हणाले, "छान झालं." आणि पुढं कित्येक महिने मला हवं ते पुस्तक सापडलं नाही.

गावात बांधावर, टपरीवर लोक त्यांना तेच विचारत राहिले, "कवा आलास? कवा जाणार?" पहिले काही महिने ते हसून सांगत, "आता न्हाई जात गड्या. पेन्शनीत आलो." समोरचा म्हणे, "व्हय की रं, इसरलोच." आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस पुन्हा विचारी. दिवाळीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की ते आता उत्तर देत नाहीत. नुसती मान हलवतात.

त्याच सुमाराला सुभेदार घरी येऊ लागले. शेजारच्या गावचे. यांच्याहून बरेच मोठे, मिशा राखणारे, दोनदा निवृत्त झालेले. पहिल्यांदा पलटणीतून पेन्शनीत आले आणि लगेच लष्करातलीच दुसरी नोकरी धरली, कोठारांवर पहाऱ्याची. अशी नोकरी चाळिशीतल्या पेन्शनरांना मिळते. ती पुरी केली की तिचीही वेगळी पेन्शन. सुभेदारांना दोन पेन्शनी होत्या आणि ते त्या दोन लेकांसारख्या सांगत.

"गड्या, वय हाय तवर घे," ते यांना म्हणाले. "एका पेन्शनीत घर चालतंय. दोन पेन्शनीत म्हातारपण चालतंय. बाईंच्या नोकरीला तर पेन्शन न्हाईच, नव्या नियमातली हाय त्यांची."

"खरं हाय," हे म्हणाले.

"न्हाईतर शिरवळला कंपनीच्या गेटवर बसशील शिट्टी घिऊन. कालचं पोरगं तुला म्हणंल, ए मामा, गेट खोल. त्यापरीस हे बरं. वर्दी ती वर्दी."

मी चहा घेऊन गेले तेव्हा सुभेदारांनी मला विचारलं, "काय बाई, पाठवताय न्हवं?"

मला काय हवं होतं ते मला स्वच्छ माहीत होतं. त्यांनी थांबावं असं मला वाटत होतं. लग्नानंतर सोळा वर्षांनी मला त्या माणसाच्या पायांचा आवाज ओळखू यायला लागला होता. पण आपल्याला काय हवं ते त्यांना सांगायचं, ही सवयच नव्हती. सांगणं म्हणजे त्यांच्या डोक्यात घोर घालणं. शिवाय बायको जवानाला अडवते, असं म्हणवून घ्यायलाही नको वाटे. मी म्हणाले, "त्यांना वाटेल तसं."

हे माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी कप उचलला आणि सुभेदारांना विचारलं, "मेडिकल कवा असतंय?"

संक्रांतीनंतरची तारीख होती. त्यांनी माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली आणि तिला नवा रंग दिला. आत्यांनी रवा भाजायला घेतला. घरातल्या साऱ्यांना पुन्हा नीट काय करायचं ते कळू लागलं, इतकी आमची ती सवय मुरलेली होती. मुलगीसुद्धा मोकळी झाल्यासारखी बोलू लागली. मी रोज शाळेत जात होते, धडे शिकवत होते, आणि मला वाटत होतं की माझं काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी उचलून नेत आहे आणि मी त्याला पिशवी देते आहे.

त्या वर्षी आमचा ऊस तुटायला उशीर झाला. उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या भागात जो तो ऊसच लावतो, आणि सगळ्यांचा एकदम तयार होतो. कुणाच्या फडात तोडणारी टोळी कधी पाठवायची ते कारखान्याचा चिटबॉय ठरवतो. तो गावातला सगळ्यात तरुण आणि सगळ्यात मानाचा माणूस. आमच्या उसाला तुरे आले, पानं वाळायला लागली. चुलतदीर उपचारासाठी मुंबईला जाऊन राहिले होते. म्हणून मीच चिटबॉयला फोन करत होते. यांना कळू नये म्हणून परसात, गंजीच्या आडोशाला उभी राहून.

"जरा बघा ना," मी म्हणत होते. "वजन घटत चाललंय. नाही, मोठ्यानं नका बोलू, ते घरात आहेत."

फोन ठेवून वळले तर ते न्हाणीच्या दारात उभे. तोंडाला साबण.

"मी घरात हाय म्हणून हळू बोलायचं?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही. उसाचं होतं काहीतरी. होईल."

"मी कोण हाय हितं?"

आवाज चढलेला नव्हता. खरोखर विचारत होते. मी नेहमीचं उत्तर दिलं, "तुम्हाला कशाला त्रास?" त्यांनी तोंड धुतलं, बूट घातले आणि चिटबॉयचं घर विचारत निघून गेले.

संध्याकाळी ते खुशीत परतले. टोळी मिळाली होती. उद्या येणार होती. आत्यांनी लगेच विचारलं, "मुकादमाला चहापानी, जेवनाचं बोललास न्हवं?" टोळी फडात आली की पहिल्या दिवशी शेतकऱ्यानं तिला जेवण द्यायचं, मुकादमाला खुशाली म्हणून थोडे पैसे द्यायचे, ही इथली रीत. हे म्हणाले, "ती लाच झाली. कामाचा पगार मिळतोय त्यास्नी. मी सांगितलंय, सात वाजता फडावर रिपोर्ट करा."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. पण बोललो नाही. सुट्टीच्या माणसाला काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मीही त्यांच्याबरोबर शेतावर गेले. सात वाजले. आठ वाजले. साडेआठला मुकादम मोटारसायकलवरून एकटाच आला. बीडकडचा, उंच, सावकाश बोलणारा माणूस. यांनी मनगटावरचं घड्याळ त्याच्यापुढं धरलं.

"टाइम क्या दिया था?"

मुकादमानं घड्याळाकडं बघितलं, मग यांच्या बुटांकडं. "साहेब," तो म्हणाला, "आमी ऊस तोडायला आलाव. भरतीला न्हाई."

"डिसिप्लिन पाहिजे कामात."

"आसंल की. तुमचा फड तुमच्या डिसिप्लिननं तोडून घ्या." आणि त्यानं किक मारली. तासाभरानं आमच्या शेजारच्या बांधापलीकडं त्याच टोळीच्या बैलगाड्या उतरलेल्या आम्हाला दिसल्या. शेजाऱ्याच्या बायकोनं चूल पेटवली होती. मटणाच्या वाटणाचा वास आमच्या बांधावर येत होता.

आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मी मास्तरीण आहे. पस्तीस पोरांच्या वर्गात मी आवाज चढवत नाही. पण त्या बांधावर मी ओरडले.

"ही काय तुमची पलटण आहे? दोन महिने त्या चिटबॉयच्या पाया पडतेय मी! एक वाटण वाटायला काय झालं असतं आम्हाला? विचारावं घरात! घरात कुणी माणसं आहेत, त्यांना काही कळतं, हे विचारावं तुम्ही! आणि माझी पुस्तकंही नीट लावून द्या आधी, मला एक सापडत नाही!"

आत्या न्याहारी घेऊन येत होत्या, त्या पाटाच्या कडेलाच थबकल्या. "अगं बाय बाय," त्या म्हणाल्या. "सुट्टीवर आलेल्या मानसाला कुनी आसं बोलतंय व्हय?"

बोलल्या आणि आपल्याच शब्दांना अडखळल्यासारख्या उभ्या राहिल्या. डोक्यावरची बुट्टी धरलेला हात तसाच. हे त्यांच्याकडं बघत होते. मग ते खाली बांधावर बसले. आधी मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. पण त्यांचे खांदे हलत होते. हसत होते. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आये," ते म्हणाले, "कवा संपती गं ही सुट्टी?"

आत्यांनी बुट्टी खाली ठेवली. "म्या काय करू?" त्या म्हणाल्या. "मला दुसरं काय येत न्हाई तुझं करायला." आणि त्या रडायला लागल्या. मामा गेले तेव्हाही मी त्यांना असं उघड्यावर रडताना बघितलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून थोडा ऊस तोडला. काही तोडला म्हणण्यासारखा नव्हताच. यांच्या हाताला फोड आले, माझ्या साडीला भोकं पडली आणि आत्या पाचटावर, उसाच्या वाळल्या पाल्यावर बसून आम्हाला कोयता कसा धरतात ते सांगत होत्या. दुपारी आत्या घरी गेल्या आणि आम्ही दोघं बांधावरच्या बाभळीखाली बसलो. तिथं मी त्यांना सांगितलं. एकदा सुरुवात झाल्यावर क्रम राहिला नाही. जळालेली मोटर, मोडलेला हात, टायफॉइड. मामांनी शेवटच्या आठवड्यात तीनदा त्यांचं नाव घेतलं होतं आणि आम्ही तार उशिरा केली होती ते. मुलगी दोन वर्षांची असताना मला पुन्हा दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात ते राहिलं नाही, तेही. त्या रविवारी त्यांनी 'सगळं बरं?' विचारलं होतं आणि मी 'सगळं बरं' म्हणाले होते.

 ते हातावरचा फोड दाबत बसले होते. मग म्हणाले, "मलाबी हुतं सांगण्यासारखं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमीबी सगळं बरं म्हणत हुता."

त्यांनी जे सांगितलं ते त्यांचं आहे, ते मी इथं लिहिणार नाही. ऊन उतरलं तेव्हा मी त्यांना म्हणाले, "मेडिकलला जाऊ नका. मला तुम्ही इथं पाहिजे." एवढं वाक्य बोलायला मला किती वेळ लागला ते मलाच ठाऊक. त्यांनी मान हलवली, उठले आणि म्हणाले, "चला, मुकादमाला कोंबडं द्यावं लागंल."

कोंबडं दिलं. टोळी चार दिवसांनी आली. ऊस निम्म्यानं वाळलेला गेला आणि चुलतदीर मुंबईहून येऊन आम्हाला खूप बोलले. यांनी ते उभं राहून ऐकून घेतलं. मला वाटतं त्यांना ते आवडलं. ट्रंकेत आत्यांनी ज्वारी भरली.

त्यानंतर आम्हाला सात वर्षं मिळाली. त्यांतलं लिहिण्यासारखं फार थोडं आहे. शेत त्यांनी स्वतःकडं घेतलं, पहिली दोन वर्षं चुकतमाकत केलं. आम्ही भांडायला लागलो. उशिरा सुरुवात केल्यामुळं असेल, पण आम्ही मन लावून भांडायचो. मुलगी कॉलेजसाठी सांगलीला गेली तेव्हा तिनं पहिल्याच आठवड्यात फोनवर रडून सगळं सांगितलं, खोली, मेस, सोबतच्या मुली. हे फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या घालत होते आणि म्हणत होते, "हां, अजून सांग. अजून काय?"

एका सकाळी ते पळून आले, बूट सोडायला अंगणातल्या खाटेवर बसले आणि एका अंगावर कलले. मी आत भाकरी थापत होते. आत्यांनी हाक मारली. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलं नसेल. मी ते खरं मानते.

त्यांची पेन्शन आता माझ्या नावावर येते, कमी होऊन. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मीही पेन्शनीत आले. पहिल्यांदा तालुक्याच्या बँकेत गेले तेव्हा बाकावर सगळ्या म्हाताऱ्या बसलेल्या होत्या, फौजींच्या विधवा. एकीनं विचारलं, "आईची पेन्शन न्यायला आलीस व्हय गं?"

"नाही," मी म्हणाले. "माझीच आहे."

तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं, मग सरकली आणि बाकावर हात आपटून म्हणाली, "बस हितं."

गेल्या महिन्यात सुभेदार आले होते. आता काठी घेऊन चालतात. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून ते म्हणाले, "बाई, त्यो दुसऱ्या नोकरीला गेला असता तर आज तुमास्नी बरं पडलं असतं. दोन्हींतली मोठी पेन्शन मिळाली असती."

ते चांगल्या मनानं म्हणत होते. मी म्हणाले, "सुभेदारसाहेब, ते नाही गेले हे बरं झालं. मीच अडवलं होतं."

त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. आत आत्या मुलीला फोनवर गुडघेदुखीबद्दल सविस्तर सांगत होत्या, ते ऐकू येत होतं. सुभेदारही ते ऐकत होते.

"माझ्या घरात अजून मला कुनी काय सांगत न्हाई," ते म्हणाले. "ल्येकाचं दुकान बुडलं, ते मला टपरीवर कळलं. सून म्हणती, मामा, तुमी निवांत बसा." मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमी लय भांडत हुता म्हणं. त्यो मला सांगायचा. कशावरनं?"

"सगळ्यावरून. शेवटचं भांडण पाचटावरून चाललं होतं. उसाचं पाचट पेटवायचं की सरीत कुजवायचं. त्यांना रान एकदम साफ पाहिजे असायचं, म्हणून ते पेटवायचे. मी वाचलं होतं की कुजवलं तर जमीन सुधारते. दोन हंगाम भांडत होतो."

"मग?"

"शेवटी खालचा तुकडा मला दिला. म्हणाले, कुजव तुझं तू."

"आन् बराबर कुनाचं निघालं?"

"माझं," मी म्हणाले. "खालच्या तुकड्यात आता नांगर घातला तर ढेकूळ निघत नाही."

सुभेदारांनी मिशांवरून हात फिरवला. "त्यानं बघितलं का?"

"नाही. त्याआधीच गेले. नाहीतर कबूल केलंच नसतं."

सुभेदार हसले, आणि मग मीही. मी चहा टाकायला उठले तेव्हा ते म्हणाले, "चला, दावा तरी मला त्यो तुकडा." चहा झाल्यावर मी त्यांना तिकडं घेऊन गेले. त्यांना काठीनं चालताना वेळ लागत होता. मीही सावकाश चालत होते.